आठ बॅटऱ्या, सोळा सेल

मागच्या रविवारी बाबांचा फोन आला. "आमगावला जाऊन आलो. समजलं का? जाऊन, आलो."

यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. गोंदिया ते आमगाव पंचवीसेक किलोमीटर, आणि आत्याचं गाव त्याच्या जरासं पुढे. पण बाबा गेले होते रेवातून. आणि वाटेत कुणाच्याही ओसरीवर वायर न टाकता घरी परतले होते. आमच्या घरातल्यांना (आणि हा ब्लॉग गुपचूप वाचणाऱ्या मावशीला) याचं मोल कळेल. बाकीच्यांसाठी थोडा इतिहास.

विजेवर चालणाऱ्या मोटारी आपल्याकडे रेवाच्या आधीही झाल्या. केरळातल्या एडी करंट कंट्रोल्स या कंपनीने १९९३ मध्ये 'लव्हबर्ड' नावाची दोन माणसांची गाडी दाखवली होती. ती काही फार विकली गेली नाही. मग २००१ मध्ये चेतन मैनी यांनी बंगळूरहून रेवा आणली. पुढे दोघं, मागे दोन लहान मुलं. लंडनमध्ये ती 'जी-विझ' नावाने खपली, कारण तिथे शहराच्या गर्दीच्या भागात शिरायला २००३ पासून जो कर लागायचा तो विजेच्या गाडीला माफ होता. गोंदियात गर्दीचा कर नाही. इथे फक्त धानाचे ट्रॅक्टर आणि राइस मिलचे ट्रक. तरी बाबांनी २०१० मध्ये नागपूरहून एक वापरलेली रेवा आणली. त्याच वर्षी महिंद्राने ती कंपनी ताब्यात घेतली, याचा बाबांना उगाचच अभिमान.

आता मूळ दुखणं. पुढच्या सीटखाली सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, मिळून ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास. सगळ्या शिशाच्या. गाडीच्या वजनातलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त वजन एकट्या बॅटऱ्यांचं! ही शिशाची बॅटरी गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये शोधली, म्हणजे सत्तावनच्या उठावानंतर दोनच वर्षांनी. तिच्याच जोरावर १८९९ मध्ये कामिय जेनात्झी याने ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला होता. पेट्रोलच्या गाड्या तेव्हा मागे होत्या. गंमत म्हणजे शंभर वर्षांनी आमच्या रेवात तीच चीज बसलेली, आणि आमची गाडी त्या वेगाच्या जवळपासही जात नव्हती.

शिशाच्या बॅटरीला दोन गोष्टी सहन होत नाहीत. एक, अर्धवट चार्ज होऊन पडून राहणं. प्लेटांवर शिशाचं सल्फेट जमतं, वेळेत चार्ज झाली तर ते परत विरघळतं, नाहीतर घट्ट होऊन बसतं आणि मग काही केल्या निघत नाही. दुसरी, उष्णता. ते भारनियमनाचे दिवस होते. रात्री गाडी चार्जिंगला लावावी आणि पहाटे बघावं तर मध्येच दिवे गेलेले. आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या पुढे. बाबा डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या घेऊन बसायचे. कागदावरचे ८० किलोमीटर पहिल्याच वर्षी साठ झाले, मग पन्नास, मग चाळीस. आमगावला जायचं तर आत्याकडे मुक्काम आणि तिच्या घरात चार्जिंग. २०१४ मध्ये नवा संच टाकला. त्याचीही तीच गत झाली. २०१८ मध्ये गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. भंगारवाला दोनदा येऊन गेला. शिशाला भाव चांगला, म्हणून त्याचा डोळा गाडीपेक्षा सीटखालीच.

कंपनीला हे कळत नव्हतं असं नाही. २००९ मध्येच त्यांनी लिथियमची रेवा काढली होती, एका चार्जमध्ये १२० किलोमीटरची. पण तेव्हा लिथियमची किंमत आमच्यासारख्यांच्या हिशेबाबाहेर.

पुढे ते लिथियम आमच्यापर्यंत आलं कुठल्या वाटेने, तर ई-रिक्षाच्या! गोंदियात ई-रिक्षा आल्या, त्यांच्यात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, म्हणजे परत ४८ व्होल्टच. त्या दुरुस्त करणारे मिस्त्री तयार झाले. मग काही रिक्षांत लिथियम आलं. दोन वर्षांपूर्वी त्यातलाच एक मिस्त्री अंगणातली रेवा बघून बाबांना म्हणाला, "गुरुजी, गाडीले काही झालं नाही जी. बॅटऱ्याच मेल्या."

लोह-फॉस्फेटचे सेल ३.२ व्होल्टचे असतात. सोळा जोडले की ५१.२. जुन्या गाडीला जवळजवळ अंगच्या मापाचा सदरा. (हे रसायन १९९७ मध्ये टेक्सासात गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून आलं, आणि त्या निबंधावर पहिली दोन नावं पाढी आणि नंजुंदस्वामी अशी आहेत. गुडइनफना पुढे लिथियम बॅटरीसाठी नोबेल मिळालं.) सोळा सेलचं वजन नव्वद किलोच्या आत. आधीच्या आठ बॅटऱ्यांचं अडीचशेच्या वर.

आईचा विरोध होता. पेन्शनचे पैसे आणि आगीची भीती. मीही फोनवर तिच्याच बाजूने बोललो, हे कबूल करतो. जुना चार्जर शिशासाठीचा, तो शेवटी व्होल्टेज इतकं चढवतो की लिथियमचे सेल बिघडतील. तो बदलावाच लागला. शिवाय असा बदल करायचा तर आधी आरटीओत विचारावं लागतं, मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम त्याचसाठी आहे. बाबांनी सगळं केलं. मास्तर माणूस, कागदाला भीत नाही.

फसलं ते तिसरीकडेच. सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट मिस्त्रीने रिक्षाचं बसवलं. रिक्षाला लागतो त्याच्या कितीतरी पट करंट रेवाला चढावर लागतो. पहिल्याच दिवशी उड्डाणपुलाच्या मध्यावर सर्किटने वीज तोडली. गाडी ठप्प. मागे ट्रक, भोंगे, आणि आत बाबा आणि आई. आई चार दिवस बोलली नाही. मोठं सर्किट मागवलं, त्याला आणखी महिना गेला.

आता गाडी हलकी झालीय, सुरुवातीला तर मागचं-पुढचं वजन बदलल्याने बाबांना ब्रेक वेगळा वाटायचा. गंमत एवढीच की डॅशबोर्डवरचा काटा अजून शिशाच्याच हिशेबाने चालतो. आमगावहून परत येताना तो 'संपली' म्हणत होता. बाबांनी त्याच्यावर कागद चिकटवलाय आणि किलोमीटर वहीत लिहितात. रविवारची नोंद मला फोनवर वाचून दाखवली: ५८. पुढे आत्याने दिलेल्या तांदळाचं वजनही लिहिलंय, दहा किलो.