छोट्या भीमाचे रांगणे

आख्यान वाढते तसे नायकाचे वयही वाढत जाते, असे आपल्या परंपरेत नेहमी घडत नाही. महाभारतात कृष्ण प्रथम येतो तो द्रौपदीस्वयंवरात, प्रौढ यादव म्हणून; त्याचे गोकुळ सविस्तर येते ते ‘हरिवंशा’त, म्हणजे पुरवणीत. ‘छोटा भीम’ या चलच्चित्रमालिकेचा इतिहासही असाच मागे सरकणारा आहे.

राजीव चिलका यांच्या हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेची ही मालिका २००८ मध्ये पोगो वाहिनीवर सुरू झाली. नायक साधारण नऊ वर्षांचा. पांडव भीमाशी त्याचे नाते नाव, बळ आणि भूक एवढेच. ढोलकपूरवर संकट, मग लाडू, मग पराक्रम, ही तिची घडण. (कालियाची फजिती हा खरा आस्वाद्य भाग, असे माझे मत.) पुढे चित्रपट आले, आणि २०१३ मध्ये भीम बालीपर्यंत पोहोचला. विस्तार होता, पण तो भूगोलाचा.

खरे स्थित्यंतर २०१९ चे. नेटफ्लिक्सवरील ‘मायटी लिटल भीम’ शाळेत न जाणाऱ्या वयासाठी होती. तिचा नायक दुडदुडणारे बाळ आहे आणि तिच्यात संवाद जवळजवळ नाहीत. आदिपर्वातही कुंतीच्या मांडीवरून पडलेल्या अर्भक भीमाने शिळेचा चुरा होतो. परंतु तेथे ती घटना कोणीतरी सांगत असते. येथे सांगणाराच नाहीसा झाला आहे. २ कोटी ७० लाख कुटुंबांनी मालिका पाहिल्याचे नेटफ्लिक्सने त्याच वर्षी जाहीर केले. शब्द गाळल्यावर भाषांतराची अडचणच उरत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातून पाहताना हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. धडगावच्या डोंगरातले मूल घरी पावरी बोलते, अंगणवाडीत मराठी ऐकते. दूरदर्शनसंचावरचा भीम त्याच्याशी हिंदीत बोलत होता. मुक्या भीमापुढे हे मूल मुंबईच्या मुलाइतकेच जाणकार ठरते, आणि हा लाभ क्षुल्लक नव्हे. पण ही समता भाषा मिळून आलेली नाही. ती सर्वांचीच भाषा वगळून आली आहे. पावरीला पडद्यावर जागा मिळालेली नाही, हिंदीने फक्त आपली जागा सोडली.

कृष्णाच्या शैशवाकडे वळताना मराठी मात्र अधिक बोलकी झाली: गौळणी, पाळणे, तुकोबांचे बाळक्रीडेचे अभंग. बाळाला शब्द नव्हते म्हणून भोवतालच्यांनी ते पुरवले. भीमाच्या मालिकेत ही जागा रिकामी आहे. एखादी आजी शेजारी बसून ती पावरीत भरू शकते. मात्र मालिकेची रचना तिच्यासाठी थांबत नाही, कारण दृश्ये एकमेकांना इतक्या घाईने ढकलतात की मध्ये एक वाक्य बोलायलाही सवड मिळत नाही.