शालजोडीमागचे सूत

आमच्या कचेरीत कोणी निवृत्त झाले की खांद्यावर शाल पडते, हाती नारळ येतो. दिल्लीत असल्यामुळे ती शाल 'पश्मिना' म्हणून आणली जाते. बहुधा ती पश्मिना नसते. मराठीने तर शालजोडीतला अहेर भाषेतच मुरवून टाकला आहे. ही शाल ज्या सुताची, ते कोणी काढले, हा प्रश्न मात्र आम्हांसही बरीच वर्षे पडला नव्हता.

लडाखच्या चांगथांग पठारावर चांगपा धनगरांच्या शेळ्या चरतात. तिथल्या हाडे गोठविणाऱ्या थंडीत त्यांच्या राठ केसांखाली मऊ लव वाढते; तेच पश्म. उन्हाळ्याच्या तोंडी ती सुटू लागते, तेव्हा ती कातरीत नाहीत, फणीने विंचरून काढतात. एका शेळीचे कच्चे पश्म पावकिलोच्या आसपास. राठ केस निवडल्यावर त्याचेही जेमतेम निम्मे उरते.

एवढ्याशा लवेसाठी राज्ये भांडली. १६८४च्या तिंगमोसगांगच्या तहाने तिबेटी पश्माचा मक्ता लडाखकडे आला आणि माल लेहमार्गे काश्मीरला जाऊ लागला. १८३४त जोरावरसिंगाने लडाख घेतले. १८४१त तो पश्चिम तिबेटात शिरला आणि तिथेच मारला गेला. त्या स्वारीमागे या व्यापाराची ओढ होतीच. १८४६च्या अमृतसरच्या तहात गुलाबसिंगाने इंग्रजांना दरसाल द्यावयाची खंडणी ठरली: एक घोडा, उत्तम जातीच्या १२ शेळ्या (सहा नर, सहा माद्या) आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या. तहनाम्यात शेळ्यांचे नर-मादी मोजणारे कारकून आमचेच पूर्वज म्हणायचे!

कंपनीच्या अश्वशाळेचा अधीक्षक विल्यम मूरक्रॉफ्ट १८१२त गोसाव्याचा वेष घेऊन मानससरोवरापर्यंत गेला आणि शालीच्या शेळ्या घेऊन परतला. शेळी मिळाली की शाल विलायतेत होईल, असा त्याचा अंदाज. पुढे १८२२-२३त श्रीनगरास राहून त्याने हा धंदा बारकाईने टिपून ठेवला, तेव्हा त्या टिपणांत बायकांनाही जागा मिळाली.

कारण पश्म कातणे हे बायकांचे काम. कच्चा माल घरी येई. बाई राठ केस वेचून काढी, भिजवून वाटलेल्या तांदळाच्या पिठात लव घोळून ती मळ व चिकटपणा काढी, आणि मग यिंदर या लहान चरख्यावर सूत ओढी. नंतर दोन तार एकत्र पिळले जात. केसाहून बारीक असा तो तंतू जरा जोर लागताच तुटतो. म्हणून बोटांची सवय लहानपणीच लागावी लागे. स्वयंपाक, मुले, दुखणी-बाणी सांभाळून उरलेल्या वेळात हे चाले, आणि मजुरी सुताच्या मापावर मिळे. विणकरांवर राज्याने 'दागशाल' नावाचे खातेच बसविले होते. त्या जाचाविरुद्ध २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरचे विणकर रस्त्यावर आले आणि त्यांतले २८ जण प्राणास मुकले, असे सांगतात. तो दिवस आजही स्मरला जातो. कातणारणींचा असा कोणता दिवस नाही. घरात बसून मोर्चा कसा काढणार?

दप्तरात त्यांची एक खूण मात्र आम्हांस सापडते. १८८४त खंडणीतल्या शेळ्या बदलून त्यांच्या जागी १० पौंड कच्चे पश्म, काही निवडलेली लोकर आणि सर्वोत्तम तीन प्रतींचे पांढरे सूत, प्रत्येकी एक पौंड, असे ठरले. तीन पौंड सूत! कोणाच्या बोटांचे, ते लिहिण्याचे कारण कोणास वाटले नसावे.

पुढे गिरणीचे सूत आले. यंत्रात हा तंतू टिकत नाही, म्हणून त्यात नायलॉन मिसळून कातायचे आणि मागाहून ते रसायनाने विरघळवून टाकायचे, अशी युक्ती निघाली. सूत स्वस्त झाले आणि घरोघरचे यिंदर माळ्यावर गेले. २००८त काश्मिरी पश्मिन्यास भौगोलिक उपदर्शन मिळाले. त्या खुणेसाठी सूत हाताने कातलेले असावे लागते. पण खूण पाहून शाल घेणारे आमच्यासारख्यांत किती?

गेल्या हिवाळ्यात वसाहतीत गाठोडे घेऊन आलेल्या वृद्ध काश्मिरी फेरीवाल्यास आम्ही किमतीआधी विचारले, सूत कोणाचे? एक शाल त्याने बाजूला काढली. 'ही घरची,' तो म्हणाला, 'बाकीची मशीनची.' घरच्या शालीची किंमत आमच्या महिन्याच्या पगारास भिडणारी होती. आम्ही ती हाताळून परत केली, आणि मोरेसाहेबांच्या निरोपासाठी मशीनची घेतली.