हिरवे रक्त

पालकसभा असो की लग्नातली पंगत, आपल्या शहरात मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला की बोलणे थोड्याच वेळात एका वाक्यावर येऊन टेकते: ते बंदुकीचे गेम बंद करा, पोरं हिंसक व्हायला लागलीत. या मताला विरोध करणारा सहसा भेटत नाही. पण पैठण आपल्याच जिल्ह्यात आहे. समोरच्याचे म्हणणे त्याच्यापेक्षा नेटके मांडल्याशिवाय खंडनाला हात घालायचा नाही, ही तिथल्या शास्त्रीमंडळींची रीत आपण तरी पाळावी.

तर पूर्वपक्ष असा. सिनेमात दुसरा कोणीतरी गोळी झाडतो आणि आपण पाहतो. 1992 च्या 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी'ने आणि पुढच्याच वर्षीच्या 'डूम'ने रुळवलेल्या या प्रकारच्या खेळात कॅमेरा खेळणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागी बसतो. पडद्याच्या तळाशी दिसतात ते आपलेच हात आणि आपलीच नळी. पाहणारा आणि करणारा यांच्यात अंतर उरत नाही. रोज शंभर वेळा केलेली कृती अंगवळणी पडते, अंगवळणी पडलेली स्वभावात उतरते. युक्तिवाद चांगला आहे. (ज्याच्या नावाने सर्वाधिक ओरड झाली त्या पबजीत कॅमेरा मुळात खेळाडूच्या पाठीमागे असतो आणि डोळ्यांतून पाहायचा प्रकार वेगळा निवडावा लागतो, हे फिर्यादींना ठाऊक नसते. ते सोडून देऊ.)

आता व्याप्ती, म्हणजे एक असेल तिथे दुसरे असतेच का, ते तपासू. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरे नाही. धुरासाठी ओले सरपण लागते, आणि नैयायिक त्याला उपाधी म्हणतात. पबजी ज्या दक्षिण कोरियात जन्मला तिथे गल्लोगल्ली गेम खेळायची दुकाने आहेत, तरी गोळीबाराचे गुन्हे तिथे अगदी विरळ. कारण बंदूक सहजासहजी मिळतच नाही. अमेरिकेत ती मिळते. ओले सरपण कोणते, ते इथे दिसते.

व्यतिरेकाची, म्हणजे कारण काढून घेतले की कार्यही थांबते का याची, परीक्षा तर आपल्याच देशात झाली. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीसह 118 अ‍ॅपवर बंदी आली. सरकारने दिलेले कारण देशाच्या सुरक्षेचे आणि लोकांच्या माहितीच्या चोरीचे होते, हिंसेचे नव्हते. जुलै 2021 मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' या नावाने आला, जुलै 2022 मध्ये पुन्हा गायब झाला आणि मे 2023 मध्ये परतला. म्हणजे दोनदा जवळपास दहा-दहा महिने तो अ‍ॅप-स्टोअरवर नव्हता. त्या काळात गुलमंडीपासून बजाजनगरपर्यंत पोरांच्या मारामाऱ्या थांबल्या, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. परीक्षा निर्भेळ नव्हती हेही सांगायला हवे: बरीच पोरे 'फ्री फायर' किंवा 'कॉल ऑफ ड्यूटी'कडे वळली होती.

ऑक्सफर्डच्या प्शिबिल्स्की आणि कार्डिफच्या वाइनस्टाइन यांनी 2019 मध्ये सुमारे एक हजार ब्रिटिश किशोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या आक्रमकतेबद्दल त्यांनी पालकांना विचारले आणि हिंसक खेळांशी तिचा संबंध त्यांना आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने 2020 मध्ये म्हटले की खऱ्या हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडणे शास्त्राला धरून नाही. आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी मात्र लहानसा संबंध दिसतो. तो मी नाकारत नाही. हरलेल्या कॅरमनंतरही आमच्याकडे सोंगट्या उडत.

मग मार्च 2019 मधले हिंगोलीचे काय? रुळांजवळ पबजीत गुंगलेले दोन तरुण रेल्वेखाली गेले आणि 'पबजीचे बळी' म्हणून ते देशभर छापून आले. पण त्यांना पडद्यावरच्या बंदुकीने मारले नाही. येणारी गाडी कानावर पडू नये अशी तंद्री लागली होती. ती तंद्री कशाने लागते, हा खरा प्रश्न, आणि माझा पक्ष इथून सुरू होतो.

पबजीतल्या एरँगलचा नकाशा आठ किलोमीटर लांब, आठ रुंद. शंभर जण विमानातून उतरतात, वर्तुळ आवळत जाते, शेवटचा टिकतो तो जिंकतो. एक डाव सुमारे अर्ध्या तासाचा आणि तो मध्ये थांबवता येत नाही. विसाव्या मिनिटाला आई जेवायला हाक मारते तेव्हा 'पाच मिनिटं' म्हणणारा मुलगा खोटे बोलत असतोच असे नाही. तो उठला तर स्क्वॉडमधले तिघे उघड्यावर पडतात. त्यातला एखादा नॉक होऊन, म्हणजे जखमी पडून, 'रिव्हाइव्ह दे भाऊ' म्हणून ओरडत असतो. पावलांच्या आवाजावरून शत्रू कुठल्या मजल्यावर आहे ते ओळखणे, साथीदारासाठी धूर सोडून आडोसा करणे, हे कौशल्यच आहे. बव्हेलियर आणि ग्रीन यांनी 2003 मध्येच दाखवले होते की असे खेळ खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान तल्लख होते. घरी टक्केवारीवरून बोलणी खाणाऱ्याला इथे त्याच संध्याकाळी वरची पायरी मिळते. हे आकर्षण रक्ताचे नाही, पत मिळण्याचे आहे.

आणि ती पत टिकू दिली जात नाही. सीझन संपला की रँक खाली येते, पुन्हा चढा. कपडे आणि बंदुकीचे रंग नशिबाच्या पेट्यांत. पेटी उघडायला यूसी हे खेळातले चलन, यूसीला आईचे यूपीआय. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या वर्गीकरणात जागा दिली, ते 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. त्याच्या लक्षणांत ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे येते. बंदुकीचा उल्लेख नाही. तिची गरजही नसते: जुलै 2025 मध्ये आपल्या राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांवर विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप झाला. त्यांनी तो फेटाळला, तरी त्यांचे खाते बदलले गेले, आणि नवे मिळाले ते क्रीडा.

बंदुकीलाच आरोपी धरले की उपायही तसलेच निघतात. बीजीएमआयमध्ये रक्ताचा रंग हिरवा झाला आणि 'किल'च्या जागी 'फिनिश' आले. अठराच्या आतल्यांना रोज तीन तासांची मर्यादाही घातली. पण मोबाइल बापाचा आणि बाप वाळूजला रात्रपाळीला, तिथे ती कोण पाळणार? पेट्या जिथल्या तिथे राहिल्या.

उलट बाजूने 'आता ई-स्पोर्ट्सला कायद्याने मान्यता आहे, यातच करिअर करतो' म्हणणाऱ्या चिरंजीवांचे मतही मला मान्य नाही. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला खेळ मानले, एवढेच. क्रिकेटलाही मान्यता आहे; गारखेड्याच्या क्रीडा संकुलात घाम गाळणाऱ्यांतले भारताकडून किती खेळतात? त्यांना निदान संध्याकाळी अंधार पडल्यावर घरी यावे लागते. ज्या आईबापांना आजच काही करायचे आहे त्यांनी घड्याळ लावण्याऐवजी डाव ठरवावेत: जेवणाआधी दोन, जेवणानंतर शून्य. आणि यूपीआयचा पिन बदलावा.