एक खिडकी बदलली आणि चौदा बदलल्या

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘स्केचअपचं बेसिक आलं, आता पुढे काय?’ पुढे कॉम्पोनंट. आणि कॉम्पोनंटचा इतिहास सांगायचा, तर आधी माझी फजिती सांगावी लागते.

मी ड्रॉइंग शिकलो ते टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर. चुकलं की ब्लेडनं शाई खरवडायची. थ्रीडी फार उशिरा हातात आलं. ऑफिसात एका निवृत्त शिक्षिकेच्या बंगल्याचं मॉडेल मी करत होतो. चौदा खिडक्या, सगळ्या एकाच कॉम्पोनंटच्या प्रती. सादरीकरणाच्या आदल्या रात्री लक्षात आलं, की स्वयंपाकघरात ओटा खिडकीच्या आड येतोय. झूम करून ती खिडकी उघडली, खालून नऊ इंच कमी केली, फाइल सेव्ह केली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी बाई पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, “अहो, हॉलमध्ये खुर्चीत बसल्यावर मला आंब्याचं झाड दिसणार होतं ना? आता दिसेल का?”

दिसणार नव्हतं. चौदाही खिडक्या नऊ इंचांनी आखूड झाल्या होत्या! त्या दिवशी मापं नक्की होऊन खिडक्यांची ऑर्डर जाणार होती. साहेब बाईंसमोर काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन महिने माझ्याकडे मॉडेलचं काम आलं नाही.

मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. नंतर कळलं, की ते जे वागलं ते अगदी ठरवून दिल्यासारखं वागलं होतं, आणि ते ठरलं होतं १९६३ साली.

त्या वर्षी एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम केला. लिंकन लॅबोरेटरीतला टीएक्स-२ हा अवाढव्य संगणक, आणि पडद्यावर टेकवून चित्र काढायचं ते लाइट पेन. रेषा काढता येते याचं कौतुक होतंच, पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. एक मूळ आकृती काढायची आणि तिच्या हव्या तेवढ्या प्रती पसरायच्या. मूळ बदललं की सगळ्या प्रती आपोआप बदलतात. षटकोनांची जाळी असेल आणि मूळ षटकोनाच्या जागी अर्धवर्तुळ आलं, तर सगळी जाळी माशाच्या खवल्यांसारखी दिसू लागते. त्याच वर्षी तिथेच टिमथी जॉन्सन यांनी ‘स्केचपॅड थ्री’मध्ये तिसरी मिती आणली.

मधली वर्षं मी पळवतो. १९८२ साली ऑटोकॅड आलं, ऑफिसांतले ड्रॉइंग बोर्ड हळूहळू गेले. २००० साली अमेरिकेत कोलोराडोतल्या बोल्डर गावच्या ‘अ‍ॅट लास्ट सॉफ्टवेअर’ या छोट्या कंपनीनं स्केचअप काढलं. पृष्ठभाग पकडायचा आणि ओढायचा, की भिंत उभी: पुश-पुल. २००६ मध्ये गूगलनं ती कंपनी घेतली आणि फुकट आवृत्ती दिली, म्हणून ते घरोघरी पोचलं. २०१२ पासून ते ट्रिम्बलकडे आहे.

पण पुश-पुल दुपारभरात येतं. अडतं ते त्यानंतर. स्केचअपमध्ये सुटे आकार एकमेकांना चिकटतात, म्हणून ग्रुप करावा लागतो. ग्रुपची प्रत स्वतंत्र असते, कॉम्पोनंटची प्रत मूळाशी बांधलेली. एकच प्रत वेगळी हवी असेल, तर राइट क्लिक करून आधी ‘मेक युनिक’. माझं चुकलं ते एवढंच.

आणि खरं सांगू? हे मला आधीपासून येत होतं. कागदावर आपण प्रत्येक खिडकीशेजारी ‘डब्ल्यू-१’ लिहायचो आणि माप फक्त कोपऱ्यातल्या तक्त्यात. तक्त्यात एक आकडा खोडला, की बंगल्यातल्या सगळ्या डब्ल्यू-१ बदलल्या. स्वयंपाकघराची वेगळी हवी? तिला डब्ल्यू-२ म्हणा. ट्रेसिंगवर ही चूक मी कधी केली नसती, कारण डब्ल्यू-२ लिहायला हात आपोआप जायचा. पडद्यावर मात्र खिडकी नुसती खिडकी दिसते, तिच्या अंगावर नाव नसतं.

बाईंच्या हॉलची खिडकी परत खाली आली. स्वयंपाकघरातली युनिक केली आणि तिचं नाव टाइप केलं: डब्ल्यू-२.

पुढच्या भागात भेटू.