याज्ञिक, चित्तरंजन : मेद, स्नायू व मधुमेह यांवरील संशोधन

पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील मधुमेह विभागाचे संचालक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीररचनेवर केलेले दीर्घकालीन संशोधन. भारतीयांना मधुमेह युरोपीयांच्या मानाने लवकर आणि कमी वजनावरच गाठतो, हे डॉक्टर अनुभवाने जाणून होते. त्याचे मूळ शोधत याज्ञिक थेट गर्भावस्थेपर्यंत मागे गेले. या कामाचे खरे मोल त्यात आहे.

१९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. ब्रिटनमधील साउदम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल या त्यातील प्रमुख सहकारी. गर्भ राहण्याआधीपासूनच स्त्रियांची नोंद ठेवली गेली : आहार, शेतातले व घरातले कष्ट, रक्ततपासण्या. बाळ जन्मले की ७२ तासांच्या आत त्याचे वजन, लांबी, डोक्याचा आणि दंडाचा घेर घेतला जाई. मग खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजली जाई. कातडीखाली चरबी किती, हे या जाडीवरून कळते.

निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू व पोटातील अवयव यांत तूट मोठी होती. फऱ्याखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. दिसायला हडकुळे, पण स्नायूंच्या मानाने मेद अधिक, अशी ही ‘थिन-फॅट’ ठेवण. आदल्या वर्षीच्या निबंधात पुणे आणि लंडन येथील बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना होती. पुण्याची बाळे हलकी असूनही त्यांच्या रक्तात इन्सुलिन अधिक आढळले.

याचा अर्थ शरीरक्रियेतून उलगडतो. जेवणानंतर इन्सुलिनच्या प्रभावाने रक्तातली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. स्नायू कमी असले, तर साखर साठवायला जागाच अपुरी. त्यात पोटातला मेद वाढला, की त्यातून सुटणारी मेदाम्ले यकृत व स्नायू यांवरील इन्सुलिनचा प्रभाव क्षीण करतात. स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन बनवावे लागते, आणि ते थकले की मधुमेह प्रकटतो. नुसत्या वजनकाट्यावर विसंबणे भारतीय रुग्णासाठी म्हणूनच धोक्याचे आहे.

हा धोका २००४ साली ‘द लॅन्सेट’मधल्या एका पानाने जगापुढे ठसठशीतपणे मांडला. त्यात याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांची छायाचित्रे शेजारीशेजारी होती. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, याज्ञिकांचा २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःचेच शरीर पुरावा म्हणून पुढे करावे, यात मोठी निर्भयता आहे.

पुढचा प्रश्न आईच्या पोषणाचा. २००८ च्या निबंधानुसार सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब १२ जीवनसत्त्व कमी होते, फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ कोणातच नव्हती. ज्यांच्या आईत फोलेट अधिक, त्या मुलांत सहाव्या वर्षी मेद अधिक होता. आईत ब १२ अगदी कमी आणि फोलेट सर्वाधिक, अशा मुलांत इन्सुलिनरोध सर्वांत जास्त होता. ब १२ प्राणिज अन्नातूनच मिळते. मांसाहार क्वचित आणि दूधही बेताचे, अशा घरांत त्याची उणीव राहणारच. या निरीक्षणांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण गरोदरपणात फोलिक आम्लाच्या, म्हणजे फोलेटच्याच, गोळ्या देताना ब १२ कडे पाहिलेच पाहिजे, एवढे बळ त्यांत निश्चित आहे.

ही मुले १८ वर्षांची झाली, तेव्हा त्यांतील जवळपास निम्म्यांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांत रक्तशर्करेचे नियमन बिघडलेले आढळले. त्यांच्या पुढच्या पिढीसाठी २०१२ साली ‘प्रिया’ चाचणी सुरू झाली. तीत याच मुलामुलींना किशोरवयातच, स्वतः आईबाप होण्याआधी, ब १२ च्या अल्प मात्रेच्या गोळ्या देण्यात आल्या. काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्मपोषकेही.