पाच सेंटिमीटरचे सिलिंडर आणि रायगडचा किनारा

दसऱ्याच्या सकाळी अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या बाजारातून चक्कर मारली, तर एक दृश्य हमखास दिसते. दुकानाच्या दारात नवी कोरी मोटारसायकल उभी असते. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि नवा मालक आसनावरचा प्लास्टिकचा कागद तसाच ठेवून घराकडे निघतो. घरी आजी भाकरतुकडा ओवाळून टाकते. संध्याकाळी सगळ्या वाडीला एकेक फेरी मिळते. किलोमीटरच्या काट्यावर मात्र अजून दोन आकडेही नीट उमटलेले नसतात.

या आनंदाकडे हौस म्हणून पाहून सोडून देता येईल. परंतु आम्हाला वाटते, की या आनंदाला इतिहास आहे आणि विज्ञानही आहे. या गाडीच्या इंजिनातील पोकळी साधारण शंभर घनसेंटिमीटर, म्हणजे टपरीवरच्या चहाच्या छोट्या ग्लासाएवढी. एवढ्याशा पोकळीत पेट्रोल जाळून दोन माणसे घाट चढतात. हे इंजिन इतके लहान का, आणि रायगडच्या किनाऱ्याला तेच नेमके कसे मानवले, हे या लेखात पाहू.

खाड्यांचा मुलूख

वर्गातील नकाशा उघडून रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंत बोट फिरवावे. उत्तरेला धरमतरची खाडी, मग कुंडलिकेची रेवदंड्याची खाडी, पुढे राजपुरीची खाडी आणि जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर सावित्रीची बाणकोट खाडी. किनारा सलग दिसतो, पण चालू लागलो की दर थोड्या अंतरावर पाणी आडवे येते. म्हणून इथला जुना हमरस्ता म्हणजे समुद्रच. मुंबईला जायचे ते बोटीने. या वाटेची किंमतही लोकांनी मोजली आहे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. किनाऱ्यावरची जुनी घरे ती आठवण अजून सांगतात.

पुढे रस्ते झाले, एसटी आली. पण ऐंशीच्या दशकात रेवदंडा-साळाव पूल होईपर्यंत अलिबागहून मुरूडला जायचे तर खाडी होडीने ओलांडावी लागे, नाही तर रोह्याकडून मोठा वळसा घ्यावा लागे. एसटीची शेवटची गाडी चुकली, की मुक्काम ठरलेला. भरती-ओहोटी, होडीची वेळ आणि एसटीची वेळ, या तीन घड्याळांवर माणसाचा दिवस चाले. मासळी बाजारात वेळेवर पोहोचवणे, रात्री आजाऱ्यासाठी डॉक्टरला आणणे, दुसऱ्या गावच्या शाळेत घंटेआधी हजर होणे, हे सारे या घड्याळांच्या हाती होते.

अशा मुलखात स्वतःचे वाहन हवे, पण ते मोठे असून चालत नाही. चौल, नागाव, आक्षीच्या वाड्यांतील वाटा दोन गडग्यांमधून जातात. तिथे चारचाकी जेमतेम शिरते. रेवस-करंजासारख्या तरीवर लाँचमध्ये जीप चढत नाही. शंभर किलोच्या आसपास वजनाची मोटारसायकल मात्र दोघा-तिघांनी हात लावला की चढते. लहान असणे हा इथे उणेपणा नव्हता, तोच गुण होता.

मोठ्याकडून लहानाकडे

मोटारसायकलचे इंजिन पहिल्यापासून लहान नव्हते. 1885 मध्ये जर्मनीत गोटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून जी दुचाकी बनवली, तिचे इंजिन 264 सीसीचे होते आणि शक्ती अवघी अर्धा अश्वशक्ती. 1894 मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी बनवलेल्या मोटारसायकलचे इंजिन तर 1489 सीसीचे होते. त्यातून मिळे सुमारे अडीच अश्वशक्ती. याउलट आपल्याकडे 1985 मध्ये आलेल्या 97 सीसीच्या गाडीतून सात-साडेसात अश्वशक्ती मिळत होती. पोकळी पंधरापट लहान, शक्ती जवळजवळ तिप्पट! हे कसे?

याचे मुख्य उत्तर फेऱ्यांच्या संख्येत आहे. म्युनिकचे इंजिन मिनिटाला सुमारे 240 फेरे घेई. ही शंभर सीसीची इंजिने सात-आठ हजार फेरे घेतात. एका स्फोटात मिळणारी ऊर्जा थोडी असली, तरी मिनिटाला हजारो स्फोट झाले तर शक्ती वाढते. त्यासाठी हलका दट्ट्या, अचूक घडण, चांगले वंगण आणि वेळेवर पडणारी ठिणगी हवी. इंजिन लहान झाले, ते धातुकाम आणि यंत्रकाम सुधारल्यामुळे.

लहान इंजिनाला गरजेनेही मोठे केले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये वाहने आणि इंधन दोन्ही दुर्मिळ होती. सोइचिरो होंडा यांनी 1946 मध्ये लष्कराची उरलेली छोटी जनित्र-इंजिने सायकलींना जोडून विकायला सुरुवात केली. त्यांच्याच कंपनीची 49 सीसीची ‘सुपर कब’ 1958 मध्ये आली. 2017 पर्यंत त्या घराण्यातील दहा कोटी गाड्या तयार झाल्या. युद्धाने मोडलेल्या देशाच्या गरजेतून जे यंत्र घडले, ते पुढे साऱ्या आशियाच्या उपयोगी पडले.

शंभरची मर्यादा

आपल्याकडे ऐंशीच्या दशकापूर्वी रस्त्यावर दिसत त्या 350 सीसीच्या बुलेट, 250 सीसीच्या जावा आणि 175 सीसीच्या राजदूत. त्यांच्या आवाजावरूनच मराठीत ‘फटफटी’ हा शब्द रुळला. या गाड्या दणकट, पण जड. स्कूटर हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, कारण किती गाड्या बनवायच्या हे कारखान्याला मिळालेल्या परवान्यावर ठरे. 1972 मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 50 सीसीची लुना आणली. पायडल असलेल्या या गाडीने लहान इंजिनाची पहिली ओळख अनेक मराठी घरांना करून दिली.

खरा बदल झाला तो ऐंशीच्या दशकाच्या आरंभी. सरकारने परदेशी कंपन्यांच्या सहकार्याने दुचाक्या बनवण्यास परवानगी दिली, पण इंजिन 100 सीसीपर्यंतच हवे अशी मर्यादा घातली. मग 1984 मध्ये इंड-सुझुकी, 1985 मध्ये हीरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100, आणि 1986 मध्ये कावासाकी बजाज केबी 100 बाजारात आल्या. जपानी कंपन्या चार, पण चारही इंजिने शंभराच्या किंचित अलीकडे थांबलेली.

हे वर्गात पडताळून पाहता येते. सीडी 100 च्या सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 49.5 मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा: 3.1416 × 2.5 × 2.5 × 4.95. उत्तर येते 97.2 घनसेंटिमीटर. आरएक्स 100 मध्ये व्यास आणि धाव दोन्ही 50 मिलिमीटर, उत्तर 98.2. सरकारी नियम असा थेट सिलिंडरच्या मापात उतरलेला दिसतो. गंमत अशी, की ती मर्यादा केव्हाच गेली, पण 50 आणि 49.5 मिलिमीटरचे ते माप 1994 मध्ये आलेल्या स्प्लेंडरमध्ये पुढे चालू राहिले आणि तिच्या आजच्या गाडीतही तेच आहे.

एवढीशी शक्ती पुरते कशी?

गाडी आणि चालक मिळून 180 किलो धरा. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिनाला दोनच विरोध जिंकायचे असतात: चाकांचा आणि हवेचा. ढोबळ हिशेब केला, तर ताशी 40 किलोमीटरला साधारण एक अश्वशक्ती पुरते. 60 ला जवळजवळ तीन लागतात आणि 80 ला सहापेक्षा जास्त. वेग दुप्पट, शक्ती सहापट! कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. काशीदच्या आसपासच्या चढणींसारखी चढण दोघांनी ताशी 30 ने चढायची, तर तीन-साडेतीन अश्वशक्ती लागतात. म्हणजे अलिबाग ते मुरूड या सुमारे 50 किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्याला, जिथे 40-50 पेक्षा अधिक वेग शहाणपणाचा नाही, शंभर सीसी पुरून उरते.

त्या चौघींत एक महत्त्वाचा भेद होता. सीडी 100 चे इंजिन चार धावांचे, बाकी तिन्हींचे दोन धावांचे. दोन धावांच्या इंजिनात दर फेऱ्याला स्फोट होतो, म्हणून गाडी चटकन उसळते. आरएक्स 100 वर बसलेली माणसे तिचा तो सणसणीत आवाज अजून विसरलेली नाहीत. पण या इंजिनात ताजे मिश्रण आत येत असतानाच धूर बाहेर जायची वाट उघडी असते. त्यामुळे काही पेट्रोल, कधी पाव भागापर्यंत, न जळताच निघून जाते. वंगणाचे तेलही इंधनाबरोबर जळते. चार धावांच्या इंजिनात झडपा असतात, त्यामुळे ही गळती फार कमी. भारतात 1991 पासून वाहनांच्या धुरावर मर्यादा आल्या आणि 1996 व 2000 मध्ये त्या कडक झाल्या. आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्ये थांबले. एक आनंद गेला, पण त्या आनंदाचा धूर सर्वांच्या छातीत जात होता, हेही खरे.

पहिले हजार किलोमीटर

नव्या गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत पहिले काही शे किलोमीटर वेग आवरण्याची सूचना असते. अनेक जण ती मोडतात. तिचे कारण मुलांना जरूर सांगावे. सिलिंडरची आतली भिंत आणि दट्ट्याची कडी हाताला गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींवर उंचवटे दिसतात. सुरुवातीला हे उंचवटे एकमेकांवर घासून हळूहळू बसतात आणि कडी भिंतीला नीट चिकटते. या काळात फार ताण दिला, तर घर्षणाच्या उष्णतेने पृष्ठभाग ओरखडतो. पहिल्या सर्व्हिसिंगला काढलेले तेल पांढऱ्या बशीत घेऊन उन्हात धरावे; त्यात चकाकणारे धातूचे कण म्हणजेच झिजलेले उंचवटे. नवी गाडी हळू चालवणे हा तिच्याशी ओळख करून घेण्याचाच भाग आहे.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू असतो: खारा वारा. हवेतील मिठाचे कण धातूवर बसतात, ओलावा धरून ठेवतात आणि त्या पातळ खाऱ्या थरात लोखंड झपाट्याने गंजते. साखळी, आऱ्या आणि सायलेन्सर आधी जातात. सायलेन्सर तर आतूनही गंजतो, कारण एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. रोज फक्त नाक्यापर्यंत जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापत नाही, आणि ते पाणी आतच साचते. म्हणून समुद्रावरून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवावी, साखळीला तेल द्यावे. वाळूत गाडी पळवण्याचा मोह तर टाळावाच.

आनंदाचा हिशेब

2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली. किनाऱ्याची जुनी अडचण कमी होते आहे आणि रस्त्यावरचा वेग वाढतो आहे. बारावी झाल्यावर मोटारसायकल मागणारे विद्यार्थी आपल्या वर्गातच बसलेले असतात. त्यांना उपदेशापेक्षा हिशेब द्यावा. ताशी 40 च्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे 6 मीटर उंचीवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून पडणे. 60 ला ही उंची 14 मीटर होते, 80 ला 25 मीटर. हा हिशेब त्यांनी स्वतः फळ्यावर केला, की हेल्मेट कशासाठी आणि गिअरच्या गाडीच्या परवान्याला अठरा वर्षांची अट कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्याबरोबर एक उपक्रमही सुचवतो. आपल्या गावात पहिली फटफटी कोणाकडे आली, कोणत्या वर्षी आली, आणि ती येण्यापूर्वी रात्री आजारी माणसाला दवाखान्यात कसे नेत, हे मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावे. पाच सेंटिमीटरच्या त्या सिलिंडरने किती गावे जवळ आणली, याचा इतिहास अजून लोकांच्या आठवणीतच आहे. तो वहीत उतरला, तर दसऱ्याच्या सकाळी नव्या गाडीपुढे फुटणाऱ्या नारळाचा अर्थ मुलांना अधिक कळेल.