ओस पडलेली राजधानी : जुन्या गोव्यातला एक दिवस

आपल्या किनाऱ्यावरच्या घरांना गोवा परका नाही. कोणाचं कुलदैवत मंगेशीला, कोणाचं कवळ्याच्या शांतादुर्गेला, तर कोणाचं म्हार्दोळच्या म्हाळसेला. नवी सून घरात आली की ओटी भरायला, मूल झालं की पाया पडायला आपण जातोच. पणजीहून फोंड्याकडे निघालेली आपली गाडी जुन्या गोव्यातून पुढे जाते. तिथले उंच पांढरे मनोरे खिडकीतून दिसतात, कोणीतरी म्हणतं, "परत येताना बघूया," आणि परत येताना काळोख झालेला असतो. रौप्यमहोत्सवी वर्षाची कौटुंबिक सहल या वेळी मुद्दाम तिथेच काढली. जे आले त्यांना उजळणी व्हावी आणि ज्यांना जमलं नाही त्यांना वाचायला मिळावं, म्हणून हा लेख.

वाटेवरची पत्रादेवी

बांदा सोडलं की महाराष्ट्राची हद्द संपते आणि पत्रादेवी लागते. आज तिथून आपण न थांबता पुढे जातो. पण 15 ऑगस्ट 1955 रोजी हातात तिरंगा घेऊन याच हद्दीतून आत शिरणाऱ्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला होता. तिथे हुतात्मा स्मारक आहे. आपल्यातल्या ज्येष्ठांपैकी काहींनी तो काळ लहानपणी घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. गोवा मुक्त झाला तो पुढे सहा वर्षांनी, 19 डिसेंबर 1961 रोजी. म्हणजे आपण जी राजधानी पाहायला निघालो, तिची सत्ता साडेचारशे वर्षं टिकली होती. मुलांना हे आधी सांगितलं की पुढचं सगळं नीट कळतं.

पणजीहून जुन्या गोव्याला जाताना रायबंदरपर्यंत मांडवीच्या काठाने, मिठागरांच्या आणि खाजणाच्या मधून जो लांबच लांब बांध-रस्ता जातो, तोसुद्धा बघण्यासारखाच आहे. व्हाइसरॉय लिन्यारिश याने 1633-34 च्या सुमारास तो बांधवला. जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा हा चिऱ्यांचा सेतू आजही वाहतूक पेलतो आहे.

शहर कसं वाढलं

पोर्तुगीज येण्याआधी इथे आदिलशाहीचं भरभराटीचं बंदर होतं. अल्बुकर्कने 1510 च्या मार्चमध्ये ते घेतलं, मे महिन्यात गमावलं आणि 25 नोव्हेंबर 1510 रोजी पुन्हा जिंकलं. मालवणकरांना ही तारीख ओळखीची वाटेल, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी झाली तीही 25 नोव्हेंबरला, साल 1664. दोन्हींच्या मध्ये युरोपातलं कॅलेंडर बदललं, तेव्हा हा निव्वळ योगायोग. पण एकाच्या आरमारी सत्तेला दीडशे वर्षांनी दुसऱ्याने दिलेलं उत्तर म्हणून मुलांच्या हे चांगलं लक्षात राहतं.

1530 साली पोर्तुगीजांनी आपली पूर्वेकडची राजधानी कोचीनहून इथे आणली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून चीनमधल्या मकावपर्यंतचा कारभार या गावातून चाले. अरबस्तानातून येणारे घोडे विजयनगरला जायचे ते याच बंदरातून. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये इथेच आला. भरभराटीच्या काळात शहराची वस्ती दोन लाखांच्या घरात होती असं सांगितलं जातं.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1560 मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय बसलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. नदीपलीकडचा हा भाग तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. काही घराणी देवांमागे गेली, काही दक्षिणेला कानडी मुलखात, तर काही उत्तरेला आपल्या बाजूला आली. आपल्यापैकी कित्येकांची आडनावं गोव्यातल्या गावांवरून पडलेली आहेत, ती उगाच नाही. जुन्या गोव्यासमोरच्या दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं स्थान असंच उद्ध्वस्त झालं. लिंग नदीपार नार्व्याला नेलं गेलं आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी करवला.

काय बघायचं, कसं बघायचं

सुरुवात नदीच्या धक्क्यापासून करावी. व्हाइसरॉयची कमान तिथे आहे. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की याच कमानीतून शहरात शिरायचा. ती उभारली वास्को द गामाच्या पणतूने, तो स्वतः व्हाइसरॉय असताना. आज दिसते ती 1954 मध्ये पुन्हा बांधलेली. तिथून पुढे सेंट कॅजेटन चर्चजवळ काळ्या दगडाची एक एकटी चौकट उभी आहे. आजूबाजूला भिंत नाही, छप्पर नाही. ही आदिलशहाच्या वाड्याच्या दाराची चौकट. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ती पाहिलीच नाही, कारण गाईड तिथे थांबत नाहीत.

मग से कॅथेड्रल. 1562 मध्ये काम सुरू झालं ते 1619 पर्यंत चाललं. मूळ दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला नाही. म्हणून इमारत एका अंगाने लंगडी वाटते.

शेजारी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, 1964 पासून फ्रान्सिस्कन मठाच्या इमारतीत. मुलांना वाटतं संग्रहालय म्हणजे कंटाळा. इथे तसं होत नाही. पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची चित्रं ओळीने लावली आहेत. चेहरे बदलतात, पोशाख बदलतात, साडेचारशे वर्षं एका भिंतीवरून सरकत जातात. जवळच कदंबकालीन वीरगळ आहेत. त्यांत जहाजावरची लढाई कोरलेला वीरगळ जरूर शोधा. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी इथली माणसं समुद्रावर लढत होती आणि त्यांच्या नावाने गावात दगड उभा राहत होता, हे तो दगड सांगतो.

रस्त्यापलीकडे बॉम जेझू बॅसिलिका. 1594 ला आरंभ, 1605 ला पूर्ण. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव इथे आहे. त्याच्या समाधीचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला, तो 1698 मध्ये बसवला. बाकी सगळी चर्चं पांढरीशुभ्र, आणि ही एकच तांबडी. जवळ गेल्यावर आपल्या बालगोपाळांनी ओळखलंच, "अरे, हा तर आपलाच चिरा!" खरं आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर हिचा बाहेरचा गिलावा काढून टाकला, म्हणून जांभा उघडा पडला. दिसायला सुंदर दिसतो, पण उघडा चिरा पाऊस पितो आणि झिजतो. आपल्या कुंपणाच्या भिंतीचं दर पावसाळ्यात काय होतं ते आपण बघतोच.

शेवटी टेकडीवर चढून सेंट ऑगस्टीनचा मनोरा बघावा. 1602 मध्ये पूर्ण झालेलं हे प्रचंड चर्च 1835 मध्ये मठ बंद झाल्यावर ओस पडलं. 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. उरलेला अर्धा 46 मीटर उंच आहे. त्याची घंटा आज पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये वाजते.

एवढं शहर गेलं कुठे?

मनोऱ्याखाली बसून डबे सोडले तेव्हा हाच प्रश्न निघाला. चर्चं आहेत, मठ आहेत. पण घरं कुठे आहेत? बाजार कुठे आहे? दोन लाख माणसं राहत होती त्या जागी नारळी आणि झाडी कशी?

कारणं अनेक आहेत. 1565 मध्ये विजयनगर पडलं आणि घोड्यांचा व्यापार बसला. सतराव्या शतकात डच आले, त्यांनी समुद्रातून गोव्याची नाकेबंदी केली आणि मसाल्याचा व्यापार हिसकावला. संभाजी महाराजांनी तर शहराच्या उंबरठ्यावर धडक दिली. नोव्हेंबर 1683 मध्ये मराठ्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. ते बेट या शहराच्या अगदी लगत आहे. सोडवायला आलेला व्हाइसरॉय मार खाऊन परतला आणि त्याने आपला राजदंड झेवियरच्या शवपेटीत ठेवून त्यालाच शहर सांभाळायला विनवलं. तेवढ्यात मोगल शहजादा शाहआलम कोकणात उतरल्याने मराठी फौजेला मागे वळावं लागलं. पण पोर्तुगीजांनी धसका घेतला आणि राजधानी मुरगावला हलवायचं ठरवलं. बांधकाम सुरूही झालं, पण ते तडीस गेलं नाही.

तरी शहर रिकामं केलं ते मुख्यतः रोगराईने. 1543 मध्येच इथे पटकीची भयंकर साथ आली होती. पोर्तुगीज लेखकांनी या रोगाला जे नाव दिलं ते आपल्याच 'मोडशी' शब्दावरून घेतलेलं होतं. गार्सिया द ओर्ता या वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात तिची लक्षणं लिहून ठेवली आहेत. त्यानंतर साथी येतच राहिल्या. मलेरिया तर पाचवीला पुजलेला. दाट वस्ती, गटारांची सोय नाही, आणि पायाखाली जांभा. जांभ्याला भोकं असतात. वर ओतलेली घाण त्यातून झिरपते आणि शेजारच्या विहिरीत उतरते. ज्या विहिरीचं पाणी प्यायचं, तिच्यातच सांडपाणी मुरत राहिलं.

"एवढी मोठी राजधानी, आनि पिऊक पाणी नाय?" आपल्यातल्या एका आजींनी विचारलं. शंभर वर्षांच्या इतिहासाचा याहून थोडक्यात सारांश मला तरी सुचत नाही.

1695 मध्ये व्हाइसरॉय शहराबाहेर पणेलीला राहायला गेला. 1759 मध्ये पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात. तोपर्यंत धनिक मंडळी निघून गेली होती. 1775 च्या सुमारास जुन्या गोव्यात जेमतेम दीड हजार माणसं उरली होती. 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि तिच्या बांधकामासाठी जुन्या शहरातल्या पडक्या घरांचे दगड वाहून नेले गेले. घरं गेली कुठे, याचं हे उत्तर. संध्याकाळी पणजीत आदिलशहाच्या वाड्यासमोर उभे राहिलो, तेव्हा निम्मी जुनी राजधानी तिथल्या भिंतींत होती.

आपल्या आवारात

हे सगळं सोसायटीच्या स्मरणिकेत कशाला, असं कोणी विचारेल. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आजूबाजूला माळ आणि काजूची झाडं होती. आज दोन्ही बाजूंना इमारती आहेत, समोर पर्यटकांच्या खोल्या आहेत, आणि प्रत्येकाची स्वतःची विहीर, स्वतःची सेप्टिक टाकी. जमीन तीच, जांभ्याची. मे महिन्यात विहिरी तळाला जातात आणि पहिल्या जोराच्या पावसात वरचं सगळं आत उतरतं. जुन्या गोव्याकडे आरमार होतं, तोफा होत्या, सोन्याने मढवलेल्या वेदी होत्या. तिथल्या श्रीमंतांनी शेवटी एकच उपाय केला, आपल्यापुरतं घर दुसरीकडे बांधलं. आपल्याला तो उपाय परवडणारा नाही, आणि शोभणाराही नाही.

म्हणून वार्षिक सभेपुढे एक साधी सूचना ठेवतो. विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळा सुरू झाल्यावर, तपासून घ्यावं आणि अहवाल नोटीस बोर्डावर लावावा. टाकी वेळेवर उपसावी. विहिरीपासून तिचं अंतर किती, ते एकदा मोजून इतिवृत्तात लिहून ठेवावं. आणि शेजारच्या इमारतींनाही हेच करायला सांगावं, कारण जांभ्याखाली कुंपण नसतं.

आणि पुढच्या वेळी मंगेशीला जाताना पहाटे एक तास लवकर निघा. सकाळी जुन्या गोव्यात गर्दी नसते. मुलांना ती काळी चौकट, जहाजाचा वीरगळ आणि अर्धा मनोरा, एवढं तरी दाखवाच.